पार्क बंद, रस्ता चालू : युटातले सहा दिवस

हा प्रवास ऑक्टोबर २०१३ मधला. घरी परतल्या परतल्या वहीत लिहून ठेवला होता, तो आता नीट टंकून काढते आहे. आत्ताच का, ते शेवटी येईल.

वाईहून आई-बाबा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे कॅलिफोर्नियात अर्वाइनला आले होते. बाबांची सगळी नोकरी लहान-लहान नगरपालिकांच्या लेखा विभागात गेली. मॉल, उंच इमारती यांत त्यांना गोडी नव्हती. "मला डोंगर दाखव," एवढंच त्यांचं मागणं. युटा राज्यातली झायन आणि ब्राइस कॅन्यन ही नॅशनल पार्कं आणि शेवटी शेजारच्या ॲरिझोनातलं ग्रँड कॅन्यन असा बेत मार्चमध्येच ठरला होता आणि खोल्याही मिळाल्या होत्या.

आणि १ ऑक्टोबरला शटडाउन सुरू झालं. अमेरिकन संसदेत खर्चाचं विधेयक अडकलं आणि नॅशनल पार्क सर्व्हिसच्या ताब्यातली ४०१ ठिकाणं एका दिवसात बंद झाली. वीस हजारांहून जास्त कर्मचारी बिनपगारी घरी बसले. ग्रँड कॅन्यनच्या आतली आमची खोली रद्द झाली, पैसे परत आले. नवऱ्याची रजा मात्र मंजूर होती आणि आई-बाबांचं परतीचं तिकीट २८ तारखेचं. बाबा म्हणाले, "रस्ता तर चालू आहे ना? मग जाऊ. बाहेरून दिसेल तेवढा बघू."

बुधवार, ९ ऑक्टोबर : लाल दगड

पहाटे चारला निघालो. नवरात्र चालू होतं, आईचे नऊ दिवसांचे उपास. डिकीत साबुदाणा, भगर, दाण्याचं कूट, राजगिऱ्याचे लाडू आणि मोटेलच्या खोलीत शिजवायला छोटा इलेक्ट्रिक कुकर. आमच्यासाठी तिखटमिठाच्या पुऱ्या. लास व्हेगासमध्ये न थांबता पुढे पन्नासेक मैलांवरच्या 'व्हॅली ऑफ फायर'ला गेलो. हे नेव्हाडा राज्याचं पार्क, १९३५ पासूनचं, त्या राज्यातलं पहिलं. वॉशिंग्टनशी त्याचा संबंध नाही, म्हणून फाटक सताड उघडं होतं.

बाबांनी उतरल्यावर आधी दगडाला हात लावला. "पाचगणीच्या टेबललँडवरचा जांभा असाच दिसतो, पण हा भुसभुशीत आहे." वालुकाश्म आहे म्हणून सांगितलं. एका उंच कातळावर हजारो वर्षांपूर्वी कोरलेली चित्रं आहेत, तिथे लोखंडी जिना चढून आईसुद्धा गेली.

गाडीत बाबांचे प्रश्न सुरू झाले. "एवढ्या श्रीमंत देशाकडे पैसे नाहीत?" मी म्हटलं, पैसे आहेत, खर्च करायची मंजुरी नाही. ते लगेच सरसावून बसले. "म्हणजे तरतूदच नाही असं म्हण की!" मग मला ठाऊक होतं तेवढं सांगितलं. संसदेने मंजूर केल्याशिवाय कुठल्याही खात्याने पैसा खर्च करायचा नाही असा १८८४ चा कायदा आहे. तरीही पुढे कितीतरी वर्षं मंजुरीला उशीर झाला तरी खाती चालू राहायची. १९८० मध्ये तिथल्या ॲटर्नी जनरलनी त्या कायद्याचा कडक अर्थ लावला, की तरतूद संपली की काम थांबवलंच पाहिजे. जीव आणि मालमत्ता सांभाळण्यापुरती माणसं तेवढी ठेवता येतात. हे शटडाउन तेव्हापासूनचं.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आपल्याकडे लेखानुदान असतं. अंदाजपत्रक पुढे-मागे झालं तरी दोन-चार महिन्यांच्या खर्चाला सभागृह आधी मान्यता देऊन ठेवतं. आणि खर्चच नामंजूर झाला तर सरकारच पडतं. शिपायाचा पगार असा मधेच लटकत नाही." आपल्याकडचे उशिरा होणारे पगार त्यांनी आयुष्यभर पाहिलेत. पण लेखानुदान या शब्दाबद्दल त्यांच्या आवाजात जो आदर होता तो मी पहिल्यांदा ऐकला.

कुणाला कामाला यावं म्हणून : अमेरिकेत पार्क कुणाच्या मालकीचं आहे ते बेत आखतानाच बघून ठेवा. नावात 'नॅशनल' असेल तर ते संघराज्य सरकारचं, 'स्टेट' असेल तर राज्याचं. मॉन्युमेंट व्हॅली आणि अँटेलोप कॅन्यन नावाहो लोकांच्या स्वतःच्या सरकारकडे आहेत. शटडाउनमध्ये नॅशनलचं काय होईल ते प्रत्येक वेळी वेगळं, बाकीची दोन्ही सहसा चालू. आणि युटात शिरताना घड्याळ एक तास पुढे करा, आमचं रात्रीचं जेवण त्यापायी हुकता हुकता राहिलं.

गुरुवार, १० ऑक्टोबर : स्प्रिंगडेल

झायनच्या दारातलं गाव म्हणजे स्प्रिंगडेल. पाचशे-साडेपाचशे वस्ती, एकच रस्ता, दोन्ही बाजूंना दुकानं आणि मोटेल, आणि मान वर केली की लाल-केशरी कडे. सकाळी सातला चालत फाटकाकडे गेलो. ऑक्टोबर हा तिथला ऐन हंगाम. हवा गार, आकाश निळं, आणि रस्त्यावर आम्ही चौघं.

व्हिजिटर सेंटरकडे जाणाऱ्या वळणावर नारिंगी शंकू ओळीने ठेवले होते. मागे लोखंडी आडकाठी, तिला साखळी आणि साखळीला पितळी कुलूप. साधंच, मुठीत मावेल एवढं. बाबांनी चष्मा वर करून ते निरखलं. "डोंगराला कुलूप," ते हळूच म्हणाले. आईने कड्याकडे बघून हात जोडले. तिला कुठेही उंच दगड दिसला की ती हात जोडतेच.

तिथेच एक जर्मन जोडपं भेटलं. निवृत्त शिक्षक, दोन वर्षं पैसे साठवून आलेले, परतीचं तिकीट बदलता येत नव्हतं. नवरा नकाशा उघडून उभा होता आणि त्यावरची एकेक खूण खोडत होता. मी त्यांना राज्याच्या पार्कांची नावं लिहून दिली. बाईंनी तो कागद दोन वेळा वाचला आणि माझा हात घट्ट धरला. आईने त्यांना दोन राजगिऱ्याचे लाडू दिले. हे कशाचे, ते सांगताना माझी तारांबळ उडाली, पण लाडू त्यांनी तिथेच संपवले.

पुढे एका छोट्या कॅफेत बसलो. आठ टेबलांपैकी आमचंच भरलेलं. मालकीणबाई साठीच्या. एरवी या दिवसांत दारापर्यंत रांग असते म्हणाल्या. सात मुलं कामाला होती, त्यांतल्या चौघांना त्यांनी घरी पाठवलं होतं. मी विचारलं, शटडाउन संपल्यावर भरपाई मिळेल का? त्यांनी मान हलवली. "सरकारी नोकरांना मागचा पगार मिळेल, आणि मिळायलाच हवा. पण ज्याने ऑक्टोबरात कॉफी प्यायली नाही तो नोव्हेंबरात येऊन दोन कप पीत नाही."

हे वाक्य मी त्याच रात्री वहीत उतरवलं. वर्तमानपत्रांत तेव्हा सगळं दोन पक्षांच्या भांडणाबद्दल होतं. या बाईंबद्दल आणि त्या चार मुलांबद्दल, पार्कच्या आतल्या लॉजमध्ये चादरी बदलणाऱ्या, ताटं उचलणाऱ्या माणसांबद्दल फार थोडं. ही माणसं खाजगी कंपन्यांची. त्यांना मागचा पगार द्यायला कुणी बांधील नव्हतं.

रेडिओवर एकच विषय होता. दक्षिण युटातल्या काउंट्यांनी (म्हणजे तिथल्या जिल्ह्यांनी) आणीबाणी जाहीर केली होती. एक काउंटी तर पार्कचे अडथळे स्वतःच हटवायच्या बेतात होती. गव्हर्नर गॅरी हर्बर्ट यांनी वॉशिंग्टनला कळवलं होतं, की पैसे आम्ही देतो, तुमची माणसं कामावर बोलवा आणि पार्क उघडा. त्याच दिवशी गृह खात्याच्या मंत्री सॅली ज्युवेल यांनी राज्यांचे असे प्रस्ताव घ्यायची तयारी दाखवली. (अमेरिकेत या खात्याचा पोलिसांशी संबंध नाही. जमिनी, जंगलं, पार्कं त्यांच्याकडे.)

दुपारी निघालो. झायनच्या पोटातून जाणारा ९ नंबरचा रस्ता रहदारीसाठी चालू होता, थांबायला मात्र मनाई. पसरणी घाटासारखी वळणं, आणि मग १९३० साली डोंगर पोखरून काढलेला मैलभराहून लांब बोगदा. बोगद्याच्या पलीकडे चेकरबोर्ड मेसा लागतो. अख्ख्या डोंगरावर आडव्या-उभ्या रेघा, वहीच्या चौकटीच्या पानासारख्या. आईने काच खाली करून पाहिलं. बाबा म्हणाले, "हळू चालव." नवऱ्याने वेग कमी केला, पण मागे गाडी आली आणि ते डोंगर निघून गेले. त्या मिनिटभराची चुटपुट आम्हा सगळ्यांना लागली.

थांबून चार फोटो काढले असते तर कुणी बघत नव्हतं, असं कुणालाही वाटेल. तसं करू नका. त्याच दिवसांत ग्रँड कॅन्यनला अडथळे ओलांडणाऱ्यांना दंडाच्या पावत्या मिळाल्या. आणि आत पाय मुरगळला तर तुम्हाला उचलायला येणारे हात त्या वेळी मोजकेच, तेही पगाराविना काम करणारे.

संध्याकाळी ट्रॉपिक नावाच्या गावी पोचलो. वाटेत रेड कॅन्यन लागतं. तिथे रस्ताच लाल खडकातल्या दोन कमानींतून जातो आणि त्याला तिकीट नाही. मोटेलच्या मालकीणबाई मूळच्या नवसारीकडच्या. काउंटरमागे कोनाड्यात अंबामातेची तसबीर आणि तेवता दिवा. आईने चपला काढून नमस्कार केला आणि पुढचा तासभर आम्हाला ती दिसलीच नाही. दोघींचेही उपास होते. आईचं हिंदी मराठी वळणाचं, बाईंचं गुजराती वळणाचं, तरी त्यांनी स्वयंपाकघरात उभं राहून साबुदाण्याची खिचडी केली. कूट आमचं, बटाटे त्यांचे. अठरा खोल्यांपैकी तीन भरल्या होत्या. बाईंचा मुलगा रोज सकाळी रिकाम्या खोल्यांचे नळ सोडून यायचा, पाणी तुंबू नये म्हणून.

रात्री साडेनऊच्या सुमारास दारावर थाप पडली. बाई धापा टाकत उभ्या. "खुलशे, बेन, खुलशे!" टीव्हीवर बातमी होती. युटाने करार केला, पार्कं उद्यापासून उघडायला लागणार होती.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर : राज्याचं पार्क

ब्राइसची माणसं आज कामावर परतत होती. दहा दिवस बंद घर उघडताना जी कामं असतात ती त्यांनाही असणार. त्यांना आवरू द्यावं, आपण उद्या पहाटे जावं, असं ठरलं. आज कोडाक्रोम बेसिन. रंगीत फिल्मचं नाव मिळालेलं हे राज्याचं पार्क ट्रॉपिकपासून अर्ध्या तासावर आहे. करड्या-लाल मैदानात दगडाचे साठेक खांब उभे आहेत, काही माणसाएवढे, काही दहा-पंधरा मजले उंच. आम्ही पोचलो तेव्हा गाड्या लावायची जागा भरत आली होती. नॅशनलची दारं बंद म्हणून सगळा ओघ इकडे. एकटी रेंजर मुलगी पावत्या फाडत होती, रस्ता सांगत होती आणि मधेच धावत जाऊन कचऱ्याच्या पिशव्या बदलत होती. बाबांनी आमचा कचरा परत गाडीत ठेवायला लावला. "तिच्या एकटीवर नको."

दुपारी झाडाखाली पुऱ्या खात असताना बाबांना त्यांच्या नोकरीतली एक बाग आठवली. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या बागेचा माळी निवृत्त झाला आणि जागा भरली नाही. खर्च वाचला म्हणून सगळे खूश होते. फाटक मात्र उघडं ठेवलं, लोकांची गैरसोय नको म्हणून. "पहिल्या पावसाळ्यात कारंज्याची मोटर गेली. दुसऱ्यात झोपाळ्यांच्या साखळ्या गेल्या. मग हिरवळीवर शेळ्या. मी दर महिन्याला कागदावर बचत लिहीत होतो आणि येता-जाता बाग बघत होतो." हे त्यांनी याआधी आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. सांगून झाल्यावर उठून पाण्याची बाटली भरायला गेले.

ब्राइसजवळ राहायचं तर ट्रॉपिक किंवा पँग्विच ही गावं पाहा. पार्कपेक्षा स्वस्त, आणि ट्रॉपिक उंचीने खाली असल्यामुळे रात्र जरा उबदार. पेट्रोलची टाकी मिळेल तिथे भरून घ्या. उपासाचं किंवा शाकाहारी खाणं हवं असेल तर कुकर सोबत असलेला बरा, भाज्यांचं दुकान लांब आहे.

शनिवार, १२ ऑक्टोबर : ब्राइस

पहाटे साडेपाचला गाडीच्या काचेवर बर्फाची खरखरीत साय होती. ब्राइसचा कडा समुद्रसपाटीपासून आठ हजार फुटांच्या वर, ऑक्टोबरातही तिथे पहाटे पाणी गोठतं. आईने स्वेटरवर शाल, शालीवर माझं जॅकेट आणि कानाला मफलर घेतला.

फाटकावरच्या चौकीत दिवा होता. दहा-बाराच गाड्या पुढे. टोपी घातलेल्या रेंजरबाई प्रत्येक गाडीशी क्षणभर जास्तच थांबत होत्या. आमची पाळी आली, मी २५ डॉलर दिले, त्यांनी सात दिवसांची पावती दिली आणि म्हणाल्या, "तुम्ही आलात, फार बरं वाटलं." बाबांनी मागून मला खूण केली, विचार. मी विचारलं, दहा दिवस कसे काढलेत? त्या म्हणाल्या, घरी बसून. बेकारभत्त्याचा अर्जसुद्धा भरला होता. "आज माझा पगार युटाच्या लोकांनी दिलाय." मी भाषांतर करून सांगितलं. बाबांनी काच खाली केली आणि त्यांना नमस्कार केला. त्यांनी टोपीला हात लावला.

सनराइज पॉइंटवर उभे राहिलो तेव्हा पूर्वेला जरा फटफटलं होतं. खाली काळोखात काहीतरी गर्दी असल्यासारखं वाटत होतं, पण कळत नव्हतं. मग पहिला किरण एका सुळक्याच्या डोक्यावर पडला. दिवाळीत एका पणतीवरून दुसरी लावत जावी तसे एकामागून एक सुळके उजळत गेले. गुलाबी, केशरी, मधेच पांढरे, हजारोंनी. बर्फ, पाणी आणि ऊन यांनी कडा कुरतडून केलेले हे खांब. इथले मूळचे पायूट लोक सांगतात की ही पूर्वीची माणसंच, दुर्वर्तनामुळे दगड झालेली. आई म्हणाली, "अहिल्येसारखी. मग कुणीतरी यायला हवं पाय लावायला."

सनराइज ते सनसेट पॉइंट हा कड्याकडेचा पाऊण-एक किलोमीटरचा रस्ता फरसबंद आहे. वयस्कर माणसांना सहज जमतो, मात्र उंचीमुळे धाप लागते, सावकाश चाला. आईने चार ठिकाणी बसून पुरा केला. बाबा एकटेच खाली उतरणाऱ्या वाटेवर दोन वळणं जाऊन आले आणि बुटांना लागलेली लाल माती त्यांनी घरी येईपर्यंत झटकली नाही.

न्याहारीला बसल्यावर त्यांनी वही काढली. युटाने दहा दिवसांचे १६,६५,७२० डॉलर वॉशिंग्टनला पाठवले होते. म्हणजे दिवसाला १,६६,५७२. त्यात पाच नॅशनल पार्कं आणि आणखी तीन ठिकाणं, मिळून आठ. तेव्हाच्या भावाने त्यांनी रुपये केले. "रोजचे एक कोट. आठ ठिकाणी वाटले तर प्रत्येकी साडेबारा लाख." मग पेन खाली ठेवून म्हणाले, "यातला एक पैसा दगडाला नाही लागत. सगळा माणसांनाच लागतो. हे कुणाला सुचलं, त्याला हिशेब कळतो."

मला तेव्हा त्यांच्याशी वाद घालावासा वाटत होता. ज्या राज्याच्या तिजोरीत पैसे आहेत त्याचं पार्क उघडणार आणि ज्याच्याकडे नाहीत त्याचं बंद, हे काही बरोबर नाही. ही पार्कं साऱ्या देशाची. पण खाली उतरणाऱ्या वाटेकडे पाहिलं आणि त्या दिवशी वाद घातला नाही.

त्याच शनिवारी ॲरिझोनाने ग्रँड कॅन्यनचा दक्षिण कडा उघडला, दिवसाला ९३,००० डॉलर भरून. त्यासाठी दारातल्या ट्यूसायान गावाने आणि तिथल्या व्यावसायिकांनीही पैसे उभे केले. ॲरिझोनाला ते नवं नव्हतं. १९९५ च्या शटडाउनमध्ये तिथले गव्हर्नर फाइफ सिमिंग्टन नॅशनल गार्डची (राज्याच्या राखीव सैनिकदलाची) माणसं घेऊन पार्क उघडायला फाटकापर्यंत गेले होते आणि पुढे तेव्हाही राज्याने पैसे भरले. न्यूयॉर्कने दिवसाला ६१,६०० डॉलर भरून स्वातंत्र्यदेवीचा पुतळा उघडला. आम्ही मात्र ग्रँड कॅन्यनचा नाद सोडला. खोली गेली होती, आणि बाबांना झायनचं ते मिनिट परत हवं होतं.

रविवार, १३ ऑक्टोबर : दसरा

मोटेलवरून निघताना बाईंनी आईची ओटी भरली, तांदूळ आणि एक सफरचंद. सकाळीच त्यांच्याकडे नव्या पाहुण्यांचे चार फोन येऊन गेले होते.

चेकरबोर्ड मेसापाशी गाडी बाजूला घेतली. या वेळी थांबायला परवानगी होती. बाबा उतरले, रस्ता ओलांडून गेले आणि त्या रेघांवर तळहात टेकवून उभे राहिले. कुणी फोटो काढला नाही. पाचेक मिनिटांनी परत येऊन म्हणाले, "झालं सीमोल्लंघन."

स्प्रिंगडेलच्या बाजूला आलो तर वळणावरचे शंकू रस्त्याकडेला एकात एक रचून ठेवलेले. साखळी खांबाला गुंडाळलेली, कुलूप तिच्यातच अडकवलेलं, उघडं. व्हिजिटर सेंटरपाशी बायका-मुलांची झुंबड. आम्ही पारस ट्रेल धरली. व्हर्जिन नदीच्या काठाने जाणारी, एका अंगाने तीनेक किलोमीटरची ही पायवाट सपाट आणि फरसबंद आहे. चाकाची खुर्चीसुद्धा जाते. आई-वडिलांना घेऊन आलात तर चढणीच्या वाटा सोडा, ही धरा. नदी गुडघाभर, तळ दिसेल इतकी नितळ, आणि काठाने कॉटनवुडची झाडं पिवळी पडू लागलेली.

निघण्याआधी बाबा स्वच्छतागृहात गेले आणि बराच वेळ आले नाहीत. मी काळजीने नवऱ्याला पाठवलं. तो हसत परत आला, "बाबा वाचतायत." दाराच्या आतल्या बाजूला साफसफाईचा तक्ता चिकटवला होता. तारीख, वेळ, सही. सप्टेंबरभर दिवसाला तीन-तीन सह्या, एकाच हातच्या, शेवटी लांब शेपटी काढलेल्या. ३० सप्टेंबरच्या संध्याकाळनंतर कोरं. मग ऑक्टोबरातली पहिली सही, परत तीच शेपटी, आणि शाई जरा जास्त दाबून लिहिलेली. बाबांनी पुन्हा पुन्हा सांगितलं, "तोच माणूस आहे. अक्षर तेच आहे." बाहेर आल्यावर हिरव्या गणवेशातला एक उंच माणूस मोठाल्या कागदाच्या गुंडाळ्या घेऊन येताना दिसला. तोच होता का, ठाऊक नाही. बाबांनी त्याच्यासाठी दार उघडून धरलं.

वाटेत आईने खाली पडलेलं कॉटनवुडचं एक पिवळं पान उचललं. बदामाच्या आकाराचं, अगदी आपट्यासारखं नाही, पण दसऱ्याला सोनं म्हणून चालण्यासारखं. इथलं काही न्यायचं नसतं, पानसुद्धा, असं मी तिला सांगितलं. "नेत नाही गं," म्हणाली. तिने ते आधी बाबांच्या हातावर ठेवलं, मग जावयाच्या, मग माझ्या. मग परत घेऊन नदीकाठच्या वाळूत, होतं तिथेच ठेवलं.

संध्याकाळी त्याच कॅफेत गेलो. आठही टेबलं भरलेली आणि बाहेर रांग. मालकीणबाईंनी आम्हाला ओळखलं, पण बोलायला त्यांना सवड नव्हती. पाच मुलं कामावर दिसली. अजून दोन यायची होती.

सोमवार, १४ ऑक्टोबर

परतीचा रस्ता. व्हेगासनंतर वारा आणि धूळ. बार्स्टोला कॉफी. रात्री आठला घरी. आईने देवापुढे दिवा लावला.

दोन दिवसांनी, १६ तारखेच्या रात्री शटडाउन संपलं. युटाचे सहा दिवसांचे जवळजवळ दहा लाख डॉलर खर्ची पडले, न वापरलेले परत गेले. पुढच्या वर्षी पार्क सर्व्हिसने हिशेब काढला. ऑक्टोबर २०१३ मध्ये देशभरात ७८ लाख ८० हजार भेटी कमी झाल्या आणि पार्कांभोवतीच्या गावांचं ४१ कोटी ४० लाख डॉलरचं उत्पन्न बुडालं. सहा राज्यांनी भरलेल्या प्रत्येक डॉलरमागे पर्यटकांनी साधारण दहा डॉलर खर्च केले. ते आकडे मी बाबांना फोनवर वाचून दाखवले. दोनदा वाचायला लावले.

त्यानंतर २०१८ च्या डिसेंबरात शटडाउन लागलं, ३५ दिवसांचं. त्या वेळी दुसरी तऱ्हा. फाटकं उघडी, आत माणसं जवळजवळ नाहीत. जोशुआ ट्री पार्कात झाडं तोडली गेली, वाळवंटातून गाड्या हाकल्या गेल्या, स्वच्छतागृहं तुंबली. पुढे प्रवेशशुल्कातून साठलेला पैसा रोजच्या खर्चाला वापरला गेला, तो बेकायदेशीर असल्याचं सरकारच्याच लेखापरीक्षण संस्थेने २०१९ मध्ये सांगितलं. बाबांना मी हे सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "शेळ्या."

आणि २०२५ च्या ऑक्टोबरात पुन्हा. या वेळी ४३ दिवस. पार्कं बहुतेक उघडी, माणसं थोडी. युटाने याही वेळी व्हिजिटर सेंटरं चालू ठेवायला पैसे दिले. बाबा आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत, बातम्या बघतात, माझ्याआधी त्यांना कळलेलं असतं. दिवाळीच्या फोनवर त्यांनी फराळाचं विचारलं, नातीचं विचारलं आणि मग म्हणाले, "झायनला कुणी ओळखीचं जाणार असेल तर सांग. नदीकडच्या वाटेच्या तोंडाशी ते स्वच्छतागृह आहे ना, त्याच्या दारामागचा कागद बघून यायला सांग."

पुढच्या मार्चमध्ये आम्ही जाणार आहोत. वही सापडली ती सामानाची यादी करताना.